नॅस्टर्शियम: सोलापुरात रब्बीला पेरायचं फूल

पहिल्या वर्षी मी नॅस्टर्शियमचं बी जूनमध्ये टोकलं. मृगाचा पाऊस झाला, झेंडू लावला, झिनिया लावला, त्याच ओळीत हेही. झेंडू-झिनिया फुलले. नॅस्टर्शियमची निम्मी रोपं कुजली आणि उरलेल्यांनी श्रावणभर नुसती पानं काढली. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, खत कमी पडलं असेल. तेलाच्या घाण्यावरून शेंगापेंड आणली, भिजवून दर पंधरवड्याला घातली. पानं तळहाताएवढी झाली. फुलं म्हणाल तर चार कुंड्यांत मिळून सात. शेजारच्या आज्जी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "पालाच की नुसता! भाजी करताय का ह्याची?"

कोडं सुटलं ते सासऱ्यांमुळे. आयुष्यभर मंगळवेढ्याकडे ज्वारी केलेला माणूस. त्यांनी पान चोळून वास घेतला, कुंडीतली माती बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "थंडीतलं दिसतंय हे. आणि तू खायला घालून घालून माजवलंयस. ज्वारीसंगं पेर की."

तेव्हापासून मी या फुलाकडे मालदांडीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्याच नजरेनं बघते. पाऊस ओसरल्यावर पेरायचं, बेताच्या ओलीवर वाढू द्यायचं, खताचे लाड करायचे नाहीत आणि ऊन तापायच्या आत काढून घ्यायचं. बाकी सगळे बारकावे या एका गोष्टीतून निघतात. ते आता क्रमानं सांगते.

मुळात हे झाड कुठलं

नर्सरीत याला नॅस्टरशियम, नॅस्टेशियम असं काहीही म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही. पाकिटावर कधीकधी 'इंडियन क्रेस' असं छापलेलं असतं, त्यावरून हे आपल्याकडचं समजू नका. स्पॅनिश लोक अमेरिकेलाही 'इंडीज'च म्हणत, त्यातलं हे 'इंडियन'. झाड दक्षिण अमेरिकेतलं, पेरू-कोलंबियाकडच्या अँडीज पर्वतरांगांतलं. तिथली हवा थंड, जमीन बऱ्याच ठिकाणी दगडगोट्यांची. आपल्या कुंडीत ते काय मागतं आणि काय नाकारतं, याचा उलगडा इथेच होतो.

शास्त्रीय नाव ट्रोपिओलम माजुस. हे नाव स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ मध्ये दिलं. गोल पानं म्हणजे ढाली आणि लालसर फुलं म्हणजे रक्तानं माखलेली शिरस्त्राणं, असं त्याला दिसलं आणि रणात जिंकलेली शस्त्रं टांगण्याच्या जुन्या ग्रीक-रोमन विजयस्तंभावरून त्यानं नाव काढलं. 'नॅस्टर्शियम' हा शब्द मात्र लॅटिनमधला, त्याचा अर्थ साधारण 'नाक मुरडायला लावणारा'. मुळात तो पाण्यात वाढणाऱ्या वेगळ्याच एका तिखट पालेभाजीचा. चव तशीच म्हणून याला चिकटला. पान चावून बघा, आळिवाचे कोंब खाल्ल्यासारखं नाकात जातं. मोहरी, मुळा, शेवगा, पपई ही सगळी याची लांबची भावकी. पपईची बी चावल्यावर जो झणका येतो, तोच पदार्थ नॅस्टर्शियममध्येही आहे.

कधी पेरायचं

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून इथे जरा थांबते.

परदेशी बियांच्या पाकिटावर 'मार्च ते मे पेरा' असं लिहिलेलं असतं. ते तिकडचं झालं. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्याइतका सौम्य असतो, म्हणून फ्रान्समध्ये चित्रकार मोने यांच्या जिव्हर्नीच्या बागेत उन्हाळ्याच्या अखेरीस मधल्या वाटेवर दोन्ही बाजूंनी नॅस्टर्शियम पसरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा पाकिटावरचा महिना विसरा.

सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला. तो संपल्यावर ऑक्टोबरचं ऊन आठ-पंधरा दिवस चटके देऊन जातं. त्या उन्हात पेरलेलं बी उगवतं, पण रोप कोमेजट राहतं आणि कळी धरायला उशीर करतं. मी घाई करत नाही. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटलं, म्हणजे रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली उतरू लागलं, की पेरते. तारखांत सांगायचं तर २० ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. दसऱ्याला कुंड्या भरून ठेवायच्या आणि दिवाळीच्या आगेमागे बी टोकायचं, असं लक्षात ठेवायला सोपं.

पेरल्यापासून पहिलं फूल यायला ६ ते ८ आठवडे लागतात. म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर सुरुवात, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा ऐन बहर. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस तापू लागले की फुलं लहान होत जातात. मार्चमध्ये खेळ आटोपला. एकूण दोन-अडीच महिन्यांची फुलं. हा काळ ताणायचा असेल तर सगळं बी एकदम संपवू नका. एक तृतीयांश बी राखून ठेवा आणि १० डिसेंबरच्या आत दुसरी खेप टोका. त्यानंतर पेरलेलं फारसं पदरात पडत नाही.

कोणता वाण घ्यायचा

दोन प्रकार: ठेंगणं, जे साधारण वीतभर ते फूटभर उंचीचं गोल झुडूप होतं, आणि पसरणारं, ज्याच्या वेली पाच-सहा फूट आणि कधी त्याहून लांब जातात. कुंडीसाठी आणि नव्यानं लावणाऱ्यांसाठी ठेंगणंच घ्या. 'ज्वेल' आणि 'टॉम थंब' हे मिश्र रंगांचे वाण सहसा मिळतात. 'अलास्का'च्या पानांवर पांढरे शिंतोडे असतात, त्यामुळे फूल नसतानाही कुंडी देखणी दिसते. 'व्हर्लीबर्ड'ची फुलं पानांच्या वर तोंड काढतात. इतरांची निम्मी पानांत लपतात, ही या झाडाची खोडच आहे.

मला सगळ्यांत आवडतो तो 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. गडद निळसर हिरवी पानं, त्यावर शेंदरी लाल फुलं. १९३० मध्ये इंग्रजांचा मार्शल लॉ सोसलेल्या गावात या नावाचं फूल वाढवताना थोडं हसू येतं, पण फुलाचा त्यात काय दोष.

पसरणारा वाण गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडायला किंवा जाळीवर चढवायला छान, मात्र त्याला जागा आणि पाणी दोन्ही जास्त लागतं.

आणि हो, तयार रोपं आणू नका, बी आणा. याचं मूळ नाजूक, ते हललं की रोप दोन आठवडे रुसून बसतं. अडीच महिन्यांच्या मोसमात दोन आठवडे म्हणजे फार झाले.

जागा आणि कुंडी

सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारी दोननंतर सावली अशी जागा सोलापुरात सर्वांत चांगली. म्हणजे पूर्वेकडची भिंत, पूर्वेचा कठडा. दक्षिणेकडची बाल्कनीही चालते, कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो. ऐन दुपारीही तो क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन बाल्कनीत आतपर्यंत येतं. फेब्रुवारीत तो वर सरकतो आणि बाल्कनीला आपोआप सावली मिळते. पश्चिमेची भिंत टाळा. संध्याकाळी सहापर्यंत तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत कुंडीला शेकत राहते.

गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. मातीची कुंडी उत्तम. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या स्वस्त असतात, पण उन्हात आतली माती तापते आणि या झाडाला गार मुळं हवीत. दुसरं काही नसेल तर पिशवीभोवती जुनं गोणपाट गुंडाळा. ८ ते १० इंची कुंडीत ठेंगणी दोन रोपं, १२ इंचीत तीन. लोक पाच-सहा दाटीनं लावतात, मग आतली पानं पिवळी पडतात आणि मावा तिथेच घर करतो.

माती: काळीवर भरवसा नको

आपली काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, कुंडीला मात्र तापदायक. ओली झाली की लोण्यासारखी चिकट, सुकली की भेगा. या भेगांत नॅस्टर्शियमची बारीक मुळं तुटतात. शिवाय आपल्याकडच्या जमिनीत चुनखडी असते. ती जास्त झाली की झाडाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसू लागतं.

माझं मिश्रण असं: दोन घमेली काळी किंवा पोयट्याची माती, दोन घमेली चाळलेला मुरूम किंवा जाडी वाळू, एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट, आणि पूर्ण कुजलेलं शेणखत अर्धं घमेलं. शेणखत याहून जास्त नको. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं. ताजं शेणखत घातलंत तर माझ्या दुसऱ्या वर्षाची गत तुमची होईल.

राख घालू नका. चुलीची राख झाडाला चांगली, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे, पण राख मातीचा खारेपणा वाढवते आणि आपली माती आधीच त्या बाजूला झुकलेली आहे. अंड्याच्या टरफलांचंही तेच, चुना आपल्याकडे भरपूर आहे.

जमिनीत लावणार असाल तर वाफा सपाट नको. सहा इंच उंचीचा गादीवाफा करा, त्यात मुरूम मिसळा, आणि पाणी दिल्यावर वाफसा आल्याशिवाय बी टोकू नका. वाफसा ओळखायची रीत सगळ्यांना माहीत आहे: मूठभर माती दाबायची, गोळा व्हायला हवा आणि बोटानं टिचकी मारली की फुटायला हवा. फुटला नाही तर अजून दोन दिवस थांबा.

बी टोकणं

बी वाटाण्याएवढं, भुरकट, सुरकुतलेलं. वरचं कवच बुचासारखं जाड असतं. संध्याकाळी वाटीभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी काढा. आठ ते बारा तास पुरेत, दिवसभर ठेवलं तर ते गुदमरतं. बी जुनं असेल तर भिजवण्याआधी खरखरीत कागदावर एकदा हलकेच घासून घ्या.

बोटाच्या पेराच्या निम्म्यानं खड्डा करा, म्हणजे एक-दीड सेंटिमीटर. बी ठेवा, माती ओढा, हलकं दाबा. बियाण्याला अंधार लागतो, म्हणून उघडं राहू देऊ नका. ठेंगण्या वाणासाठी दोन बियांत वीतभर अंतर, पसरणाऱ्यासाठी दीड-दोन वीत. एका जागी दोन बिया टोका, उगवल्यावर अशक्त रोप उपटू नका, कात्रीनं कापा. उपटलं की शेजाऱ्याचं मूळ हलतं.

झारीनं पाणी द्या आणि कुंडी उगवेपर्यंत सावलीत ठेवा. सात ते बारा दिवसांत उगवतं. घेवड्यासारखी जाड बीदलं डोक्यावर घेऊन ते वर येत नाही. बीदलं मातीतच राहतात आणि थेट छत्रीसारखी इवली गोल पानं बाहेर पडतात. पहिल्यांदा लावणाऱ्यांना ते तण वाटतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा प्रेमानं सगळं खुरपून टाकलं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक टोकलेल्या जागी आइस्क्रीमची काडी खोचते.

घरच्या अंगणात उंदरांचा त्रास असेल आणि बी आधी आतच रुजवायचं असेल, तर चहाच्या कागदी कपात लावा. दोन-तीन पानं आली की कपाचा तळ कापून सगळा कप तसाच कुंडीत पुरा.

पाणी

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. या फुलाचं त्यात फारसं अडत नाही, हे त्याचं मोठेपण. मातीत बोट पेरभर घाला. आत ओल लागली तर पाणी देऊ नका. डिसेंबरात मोठ्या कुंडीला एक दिवसाआड, जमिनीतल्या वाफ्याला आठवड्यातून दोनदा पुरतं. फेब्रुवारीत मात्र लहान कुंडीला रोज लागेल. देताना थोडंथोडं शिंपडू नका. एकदाच, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

दुपारी एकच्या सुमारास पानं माना टाकतात. लगेच तांब्या घेऊन धावू नका. पानांतून पाणी जास्त उडतंय आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, इतकंच त्या वेळी घडतं. संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. पानं ताठ झाली असतील तर तहान नव्हती. संध्याकाळीही माना खालीच असतील तर पाणी द्या.

एक चूक मात्र बऱ्याच घरांत होते. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ते कुंड्यांना घालतात. त्या पाण्यात मूळ पाण्यातले सगळे क्षार आणखी दाट होऊन बसलेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला आणि पानांच्या कडा करपल्या, की समजा हेच झालं. ते पाणी फरशी पुसायला वापरा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर नळाचं साठवलेलं पाणी आलटून पालटून द्या. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, पण आपल्या हिवाळ्यात एसी लावतंय कोण!

खत द्यायचं नाही, म्हणजे नाहीच

नत्र मिळालं की हे झाड पानं काढतं. फुलं का काढावीत, पोट भरलेलं असताना? पेंड, युरिया, गांडूळखताचं पाणी, शेणाची स्लरी, काहीही नको. माती भरताना घातलं तेवढंच. दीड-दोन महिन्यांनी लहान कुंडीतलं रोप खरोखरच फिकं पडलं, नवी पानं बारीक येऊ लागली, तर एक मूठ जुनं शेणखत वरून पसरा.

वर सांगितलेली हिरव्या शिरांची पिवळी पानं दिसली तर ती भूक नत्राची नव्हे, लोहाची. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट आणि चार थेंब लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा एकदा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायला विसरू नका. या पानावर अळूच्या पानासारखं पाणी ठरतच नाही, मोत्यासारखं घरंगळून जातं. साबण नसेल तर तुमचं औषध पानावरून थेट जमिनीवर.

चढवणं आणि खुडणं

पसरणारा वाण वाटाण्यासारखे तणावे काढत नाही. पानाचा देठच आधाराभोवती वळसा घालतो. म्हणून जाड बांबू उपयोगाचा नाही, देठाला मिठी मारता येईल इतका बारीक आधार हवा. सुतळी ताणा किंवा कुंपणाची बारीक जाळी लावा. सुरुवातीला वेल हातानं लावून द्यावी लागते. ठेंगण्याला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडा, फुटवे वाढतात.

सुकलेली फुलं रोज काढा. बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं. जानेवारीअखेरपर्यंत मी एकही बी धरू देत नाही.

एक जोडकाम. जानेवारीच्या सुरुवातीला सशक्त शेंड्याचा चार-पाच इंचांचा तुकडा कापा, खालची पानं काढा, काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. ती कुंडीत लावली की जुनी रोपं दमतात तेव्हा ही फुलायला लागतात. फार आवडलेला एखादा रंग तसाच्या तसा टिकवायचा असेल तरीही हीच रीत.

मावा आणि बाकीचे पाहुणे

मावा येणार. काळा, शेंड्यांना आणि पानांच्या पाठीला चिकटून. या झाडाला तो इतका आवडीनं लागतो की काही जण मुद्दाम भाजीच्या वाफ्याजवळ नॅस्टर्शियम लावतात, मावा तिकडे जावा म्हणून. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मावा जमल्यावर ते शेंडे तुम्ही कापून नष्ट केलेत तर भाजी वाचते. नुसतं लावून विसरलात तर तुम्ही माव्याची नर्सरी उघडलीत.

पहिला उपाय पाण्याची जोरदार धार, पानं हातानं उलटी धरून, तीन दिवस रोज सकाळी. निम्मा मावा यातच जातो. मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी. घरी करायचा असेल तर ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, फवारा. आपल्याकडे कडुनिंबाला तोटा नाही, उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या वेचून ठेवल्या की वर्षाची बेगमी होते. फवारण्याआधी मात्र पानं नीट बघा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची मगरीसारखी दिसणारी अळी मावा खात असेल, तर फवारा बाजूला ठेवा.

पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन थरांच्या मधोमध असते, फवारा पोचत नाही. पानं तोडा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कोबी-फुलकोबीवरच्या अळ्याही कधी इकडे वळतात, त्या हातानं वेचा. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पानं ठिपकेदार फिकी पडून खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे. पानांच्या खालून पाणी मारत राहा, पण खरं सांगायचं तर तोवर मोसमच संपत आलेला असतो. तेव्हा मी त्याच्याशी भांडत बसत नाही.

संध्याकाळी सहा वाजता

हे लागवडीचं काम नाही, पण केल्याशिवाय राहू नका. लिनियसची मुलगी एलिझाबेथ हिनं १७६२ मध्ये, वय अवघं एकोणीस असताना, एक निरीक्षण प्रसिद्ध केलं: दिवेलागणीच्या वेळी नॅस्टर्शियमच्या फुलांतून विजेसारखी लकाकी चमकते. फुलात वीज आहे की काय यावर विद्वान बराच काळ वाद घालत होते. पुढे उलगडा झाला की करामत डोळ्याची आहे. अंधूक उजेडात हिरव्यावरचा तांबडा-केशरी रंग नजर हलली की लकाकल्यासारखा भासतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर दहा मिनिटांनी गच्चीवर जा, केशरी फुलांवर नजर रोखू नका, सावकाश फिरवा. मला दिसली. नवऱ्याला दिसली नाही, तो म्हणतो चष्मा बदल.

ताटात

फुलं, पानं, हिरव्या बिया, तिन्ही खाता येतात. अट एकच: रासायनिक औषध मारलेलं नको. नर्सरीतून आणलेल्या रोपाचं काहीही खाऊ नका, आणि गुलाबी-निळ्या पुडीत घोळवलेलं बियाणं तर औषध लावलेलंच असतं, ते हातानं धरलं तरी हात धुवा.

फूल खुडल्यावर मागची सोंडेसारखी नळी तपासा, आत मध असतो आणि त्यासाठी मुंग्याही. पाण्यात बुडवून झटका. काकडीच्या कोशिंबिरीवर वरून पाकळ्या टाका, फोडणी थंड झाल्यावर. पानं कोवळी घ्या, जून पान कडवट लागतं. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर दह्यात कालवलेली शेंगाचटणी आणि वर अर्धं पान, हुरड्याच्या दिवसांत मी सगळ्यांना हेच खायला घालते. पानं दोन-चार पुरेत, पोटभर खायची ही भाजी नव्हे.

हिरव्या बियांचं लोणचं करायचं तर फेब्रुवारीत करा. वाटीभर टपोऱ्या हिरव्या बिया, दोन वाट्या पाणी, दोन चमचे मीठ. तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला. वास उग्र येतो, घाबरू नका, तो याच सालीचा. चौथ्या दिवशी निथळून कोरड्या बरणीत भरा, उकळून गार केलेलं व्हिनेगर बुडेपर्यंत ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. पंधरा दिवसांनी खायला घ्या.

बी धरणं आणि कुंडी रिकामी करणं

फेब्रुवारी लागला की फुलं खुडणं थांबवा. एका फुलामागे सहसा तीन बिया चिकटून येतात. हिरव्या असताना पुढच्या वर्षासाठी तोडू नका. भुरकट होऊन स्वतःच्या वजनानं गळून पडतात तेव्हा त्या तयार. रोज संध्याकाळी कुंडीखालून वेचायच्या, नाहीतर मुंग्या आणि उंदीर आधी पोचतात. घरात, सावलीत वर्तमानपत्रावर दहा-पंधरा दिवस वाळवा. नखानं दाबून खूण उठत नसेल तर वाळल्या.

मिश्र रंगाचा वाण असेल तर मधमाश्यांनी परागांची सरमिसळ केलेली असते, पुढच्या वर्षी काय रंग येईल सांगता येत नाही. मला त्याची मजा वाटते. रंग शुद्ध हवा असेल तर एकाच रंगाचा वाण लावा. कागदी पाकिटात भरून वर साल लिहा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेरच्या कपाटात आपला एप्रिल-मे त्या बियांना सोसत नाही, पुढच्या दिवाळीला निम्म्याच उगवतात.

मातीत राहिलेलं बी कधीकधी जूनच्या पहिल्या पावसावर उगवतं. त्याला वाढवायचा मोह होतो, पण माझं पहिलं वर्ष आठवा. मी ते उपटून कोवळी पानं कोशिंबिरीत घालते.

मार्चमध्ये वाळलेल्या वेली काढा, माव्यानं भरलेल्या असतील तर कंपोस्टमध्ये नको. कुंडीतली माती गच्चीवर ओलसर करून पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबा. एप्रिलभर तशीच राहू द्या. सोलापूरच्या उन्हात प्लॅस्टिकखालची माती इतकी तापते की किडीची अंडी, बुरशी, तणाचं बी बरंचसं मरून जातं. मेअखेर माती गोळा करून शेणखत घालायचं, यावेळी हात सैल सोडून, आणि मृगाला त्याच कुंड्यांत झिनिया.